पंचेचाळीस पाउंडांचं धनुष्य

निशिकांत हळदणकरांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलं. लहानपणी वेंगुर्ल्याला गलोलसुद्धा आपल्याला धड जमली नव्हती, असं ते सांगत. बावीस वर्षं त्यांनी जहाजांवर इंजिनीअर म्हणून काढली आणि मग सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी धरली. तिथे मी त्यांच्या हाताखाली होतो. जहाज दुरुस्तीला गोदीत आलं की हा माणूस तीन-तीन आठवडे घरी फक्त झोपायला जायचा. कमी बोलायचा. हात कायम ग्रीसने काळे.

बायको नीलिमा सिंगापुरातच, नोव्हेना भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. शहराच्या उत्तरेला यिशुनमध्ये फ्लॅट. एकुलता एक मुलगा अमेय इथेच वाढला, इथल्याच शाळेत शिकला, दोन वर्षं सक्तीची लष्करी नोकरी, नॅशनल सर्व्हिसही केली. बाप वर्षातले आठ महिने समुद्रावर, त्यामुळे अमेयचा दात पडला, ताप आला, पहिल्यांदा सायकल आली, हे सगळं हळदणकरांना फोनवरच कळलं. किनाऱ्यावर आले तोवर मुलगा पंधरा वर्षांचा झाला होता. बापाने मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा दोघांचा संवाद. भांडण कधीच झालं नाही. भांडायला जितकं बोलावं लागतं तितकंही ते बोलत नव्हते.

अमेय पर्यावरणाचं शिकायला न्यूझीलंडला गेला आणि तिथेच राहिला. तिथलं जंगल वाचवण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत तो लागला. शे-दीडशे वर्षांपूर्वी जहाजांतून आणलेल्या शेळ्या तिथे रानटी होऊन डोंगरभर पसरल्या आहेत, नवी उगवणारी झाडं त्या खाऊन टाकतात, म्हणून त्यांची शिकार करावी लागते. बरोबरचे लोक बंदूक वापरत. अमेय सुट्टीच्या दिवशी जुन्या पद्धतीचं धनुष्य घेऊन जाई. हल्लीच्या धनुष्यांसारखी त्याला ना दुर्बीण, ना चाकं. फक्त लाकूड आणि दोरी, टोकं पुढच्या बाजूला वळलेली. "बाबा, इथे पंधरा-वीस पावलांवर जावं लागतं. जनावराचा श्वास ऐकू येतो," असं त्याने एकदा फोनवर सांगितलं होतं. हळदणकर म्हणाले होते, "सांभाळून." 

त्याने बापाला बोलावलं होतं. २०१९च्या एप्रिलला बोलावलं, तेव्हा एक टँकर गोदीत होता. २०२०पासून दोन वर्षं करोनाच्या साथीत सीमाच बंद. २०२२च्या ऑगस्टमध्ये वाट मोकळी झाली तेव्हा त्याने पुन्हा विचारलं, "बाबा, कॅन कम ऑर नॉट? सरळ सांगा." हळदणकर म्हणाले, "नोव्हेंबरात नक्की. हे जहाज तेवढं बाहेर पडू दे."

ऑक्टोबरात अमेय गेला. शिकारीच्या दिवशी नदी ओलांडताना पाय घसरला आणि पाण्याने त्याला ओढून नेलं. बरोबर त्याचा मित्र निहार होता. हा निहार मूळ नाशिकचा, तिथल्या ब्लेनहाइम गावाजवळ द्राक्षमळ्यात कामाला, अमेयच्याच घरात राहणारा. दुसऱ्या दिवशी तीन किलोमीटर खाली अमेय सापडला. वय अठ्ठावीस.

दोघं नवरा-बायको तिकडे गेली, तिथेच अंत्यसंस्कार केले. आठ दिवसांत त्यांनी फक्त पोलीस ठाणं, इस्पितळ आणि स्मशानगृह पाहिलं. निहारच सगळीकडे घेऊन फिरला. परत निघायच्या दिवशी अमेयच्या खोलीतल्या कपाटावर हळदणकरांना ते धनुष्य दिसलं. मधली मूठ वेगळी, वरची-खालची दोन पाती वेगळी, स्क्रूने जोडायची. खालच्या पात्यावर शाईने आकडा होता, ४५.

"हे नको," नीलिमावहिनी म्हणाल्या. "त्याचे शर्ट घ्या, पुस्तकं घ्या. हे इथेच राहू दे."

हळदणकरांनी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. तीन तुकडे टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातले.

ऑफिसात परत आल्यावर ते पहिल्यासारखेच काम करत होते. फक्त एकदा गोदीत, जहाजाच्या पोटाखाली आम्ही उभे असताना, ते मध्येच म्हणाले, "एवढी वर्षं मी समुद्रात काढली. वादळं पाहिली. आणि तो गुडघाभर नदीत गेला." मग ते पुढच्या पत्र्याकडे वळले.

२०२३च्या जानेवारीत ते धनुष्य घेऊन एका तिरंदाजी क्लबात गेले. तिथे मिस्टर सीह शिकवत. सत्तरीचे, शाळेतले निवृत्त पीटी मास्तर. त्यांनी धनुष्य जोडलं, दोरी चढवली आणि हळदणकरांना म्हणाले, "ओढून दाखवा."

हळदणकरांनी ओढलं. अर्ध्यावर हात थरथरायला लागला.

"दिस वन टू हेवी, लाह," सीह म्हणाले आणि धनुष्य त्यांच्या हातातून काढून घेतलं. "हा आकडा पाहिला? पूर्ण ओढलं की पंचेचाळीस पाउंड बोटांवर येतात. यावर शिकायला गेलात तर खांदा जाईल, आणि चुकीची सवय लागेल ती वेगळी. कुणाचं आहे?"

"मुलाचं."

"मग मुलालाच विचारा. त्यानेही हलक्यावरच सुरुवात केली असणार."

मुलगा गेल्याचं हळदणकरांनी सांगितलं. सीह थोडा वेळ दोरीवरून अंगठा फिरवत राहिले. मग आतून वीस पाउंडांचं, मुलांना शिकवायचं धनुष्य घेऊन आले. "यावर सहा महिने," ते म्हणाले. "घाई करायची असेल तर मी शिकवणार नाही."

पहिले दोन महिने हळदणकरांना नेम धरायलाच मिळाला नाही. गवताच्या गठ्ठ्यासमोर तीन पावलांवर उभं राहायचं आणि डोळे मिटून बाण सोडायचा. पाय खांद्याइतके फाकलेले. धनुष्याची मूठ आवळायची नाही, तळव्यावर नुसती टेकवायची. दोरी तीन बोटांनी ओढायची, पण जोर हाताचा नव्हे, पाठीचा. मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला लागलं की थांबायचं. दर वेळी त्याच जागी. केसभरही इकडेतिकडे नाही. आणि सोडताना काही करायचं नाही, बोटं फक्त सैल पडू द्यायची.

"डोळे का मिटायचे?" त्यांनी एकदा विचारलं.

"उघडे असले की तुम्ही बाण कुठे लागला ते बघता. अजून ते बघायची वेळ आलेली नाही. आधी स्वतःकडे बघा."

मूठ धरलेला हात कोपरात जरा आत वळला की सुटलेली दोरी हातावर सपकन बसते. हातावर चामड्याची पट्टी बांधूनही ती वरच्या बाजूला लागायची. मार्चमध्ये एका शनिवारी ते घरी आले तेव्हा डावा हात कोपरापाशी काळानिळा झाला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ते जेवायला बसले. वाढता वाढता वहिनींनी बाही वर केली.

धनुष्य घरात आल्यापासून त्या त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सिंगापूरच्या फ्लॅटांत असते त्या जाड भिंतींच्या बॉम्ब शेल्टरच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यामागे ते ठेवलं होतं आणि त्या खोलीत जाणंच त्यांनी सोडलं होतं.

"त्यालाही असं व्हायचं," वहिनी म्हणाल्या.

"कधी?"

"पहिल्या वर्षी. मला व्हिडिओवर हात दाखवला होता. मी ओरडले, तर हसला. म्हणाला, आई, कोपर चुकलं की दोरी सांगते." त्यांनी फ्रीजमधून बर्फ काढला, रुमालात बांधला आणि हातावर धरला. "तुम्हाला सांगू नकोस म्हणाला होता. तुम्ही काळजी कराल म्हणून."

हळदणकर जेवायचे थांबले. आपल्याला न कळलेल्या मुलाच्या गोष्टी बायकोकडे किती असतील, हे त्यांनी तोवर कधी विचारलंच नव्हतं. त्या दुपारी त्यांनी विचारलं, आणि वहिनींनी थोडं सांगितलं. सगळं नाही. मध्येच उठून त्या आत गेल्या.

वीसवरून अठ्ठावीस, मग पस्तीस, मग चाळीस पाउंड. प्रत्येक पायरीला काही महिने. तीन पावलांवरून दहा, दहावरून पंधरा. दर रविवारी दुपारी निहारशी व्हिडिओ कॉल होई. शिकारीचा भाग तो समजावून सांगायचा. वारा नेहमी आपल्या तोंडावर हवा, पाठीमागून आला की जनावराला वास लागतो. पुढच्या पायाच्या लगेच मागे फुप्फुसं असतात, तिथेच बाण लागला पाहिजे, मग ते काही सेकंदांत शांत होतं. तोंड आपल्याकडे असेल तर सोडायचा नाही. पळत असेल तर सोडायचा नाही. हळदणकर हे सगळं एखाद्या नव्या इंजिनाची माहिती ऐकावी तसं ऐकत. निहार स्वतः आता शिकारीला जात नव्हता. का, ते त्यांनी विचारलं नाही. कारण उघड आहे असं त्यांना वाटलं.

मिस्टर सीहनी शेवटचे चार महिने त्यांना एका वेळी एकच बाण दिला. मैदानाला एक चक्कर मारून यायचं, दहा मिनिटं गुडघ्यावर बसायचं आणि मग एक बाण. चुकला तर चुकला, दुसरा नाही. "जंगलात दुसरा मिळत नाही," ते म्हणाले. २०२४च्या फेब्रुवारीत हळदणकरांनी अमेयचं धनुष्य ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ओढलं आणि हात थरथरला नाही. सीहनी नुसती मान हलवली. हळदणकर मैदानाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसले आणि बराच वेळ बसून राहिले.

एप्रिलमध्ये ते न्यूझीलंडला गेले. वहिनी आल्या नाहीत. "मला ती नदी बघायची नाही," एवढंच म्हणाल्या.

निहारने त्यांना डोंगरातल्या झोपडीवर नेलं. शिकारीचे पातं लावलेले बाण अमेयचेच होते, निहारने जपून ठेवलेले. पहिला दिवस नुसता चालण्यात गेला. दुसऱ्या सकाळी उजाडल्यावर दोघं एका उतारावर झुडपाआड बसले. थंडी होती, वारा तोंडावर होता. तासाभराने पाच शेळ्या चरत चरत खाली उतरल्या. त्यांच्यातला एक बोकड, काळा-तपकिरी, मोठ्या शिंगांचा, बाजूला आला. पंधरा पावलं. आडवा उभा. मान खाली.

हळदणकरांनी गुडघ्यावर बसून दोरी ओढली. बोट ओठाच्या कोपऱ्याला लागलं. पाठ ताणली गेली, हात स्थिर होता. बोकडाच्या पुढच्या पायामागे केसांचा एक भोवरा होता, तो त्यांना स्पष्ट दिसला. आणि मग तो पुसट झाला. डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण रडतो आहोत हे त्यांना त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

त्यांनी दोरी हळूहळू परत सैल केली. बाण काढून भात्यात ठेवला. त्या हालचालीने बोकडाने मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि पाचही जनावरं उतारावरून नाहीशी झाली.

"दिसेनासं झालं रे," हळदणकर म्हणाले. "म्हणून नाही सोडला."

त्यांनी वळून पाहिलं तर निहार गवतात बसला होता, दोन्ही हातांत डोकं धरून.

"काका, त्या दिवशी त्याला हेच करायचं होतं," तो म्हणाला. "मी करू दिलं नाही."

मग त्याने सांगितलं. दोन दिवस पाऊस होता. अमेय दमला होता. बोकड दिसला तो पंचवीस पावलांवर, आणि अमेयचा नियम वीसचा. तीन वर्षांत त्याने किती जनावरं नुसती बघून सोडून दिली होती. मारली फक्त चार, चारही एकेका बाणात. त्या दिवशीही तो दोरी सैल करत होता. "मी वैतागलो होतो, काका. ओला झालो होतो. मी त्याच्या कानात म्हटलं, सोड रे, किती बघत बसणार. आणि त्याने सोडला."

बाण मागे लागला, पोटात. बोकड पळाला आणि नदी ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरला. अशा वेळी जनावर आडवं पडेपर्यंत काही तास थांबायचं असतं. पण पावसाने रक्ताचा माग धुऊन जात होता आणि नदीचं पाणी चढत होतं. निहार म्हणाला, उद्या बघू. अमेय म्हणाला, पोटात बाण घेऊन त्याला उद्यापर्यंत ठेवू? त्याने धनुष्य निहारच्या हातात दिलं, सुरी कमरेला लावली आणि पाण्यात उतरला.

"पोलिसांना सांगितलं होतंस?"

"सगळं. तुम्हाला नाही सांगू शकलो. तुम्ही आलात त्या दिवशी काकूंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, तू होतास, म्हणून माझा मुलगा एकटा नव्हता. त्यानंतर माझं तोंडच उघडेना."

हळदणकर उठले आणि एकटेच खाली नदीपर्यंत गेले. पाणी उथळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. मला त्यांनी नंतर सांगितलं, की त्या तासाभरात त्यांना निहारचा इतका राग आला होता, की वर परत जायची भीती वाटत होती. वर्षभर दर रविवारी हा पोरगा आपल्याला नेम शिकवत होता, आणि हे पोटात ठेवून होता. संध्याकाळपर्यंत ते त्याच्याशी बोलले नाहीत. निहारने भात आणि डाळ शिजवली, ताट समोर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला.

थोड्या वेळाने हळदणकरांनी हाक मारली, "आत ये. जेव."

तो आत आला.

"त्या बोकडाचं काय झालं?"

"दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर मी पलीकडे गेलो. एका दगडाच्या आडोशाला मेला होता. तिथेच पुरला. त्यानंतर मी धनुष्य धरलं नाही."

हळदणकरांनी भात कालवला. "त्याने मला दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले. "ऑगस्टमध्ये मी आलो असतो तर ऑक्टोबरात तो कदाचित गेलाही नसता. त्या दिवशी तू निदान तिथे होतास. मी कुठे होतो, तर एका जहाजाखाली." दोघांनी जेवण संपवलं. हे बोलल्याने निहारला बरं वाटावं असा त्यांचा हेतू नव्हता, असं ते मला म्हणाले. जे होतं ते बोललो, इतकंच.

सिंगापूरला आल्यावर पंधरा दिवस त्यांनी वहिनींना काही सांगितलं नाही. ऑफिसात फायली उघड्या ठेवून बसत. एका दुपारी हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत समोर कॉफी निवत असताना त्यांनी मला सगळं सांगितलं आणि विचारलं, "तिला सांगावं का? ती त्या मुलावर जीव लावून आहे. दिवाळीला त्याला चकल्या पाठवते. हे सांगितलं तर तोही जाईल तिच्या हातून."

मी म्हणालो, "नाही सांगितलं तर?"

त्यांनी कप बाजूला सारला. "मग मीही निहारसारखाच," म्हणाले.

त्या रविवारी त्यांनी सांगितलं. वहिनी खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी उरलेले सगळे कपडे घातले, शेवटचा रुमालसुद्धा चिमटा लावून. मग आत जाऊन दार लावून घेतलं. तीन दिवस त्या कामाला गेल्या, आल्या, स्वयंपाक केला, पण बोलल्या नाहीत. निहारचे दोन फोन आले, त्यांनी ते वाजू दिले.

पुढच्या रविवारी दुपारी त्या स्वतःहून हळदणकरांना म्हणाल्या, "लावा त्याला फोन."

स्क्रीनवर निहार दिसला, दाढी वाढलेली. "काकू," एवढंच म्हणाला.

"मला पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या. "काकांनी सांगितलंय, पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. सकाळी उठलात तिथपासून. काय खाल्लंत?"

त्याने सांगितलं. पाव आणि अंडी. अमेयने कोणतं जाकीट घातलं होतं. वाटेत काय बोलले. कुठे बसले. आपण अमेयच्या कानात काय म्हटलं, तेही. हळदणकर शेजारी बसून होते. नदीपर्यंत येताना निहार अडखळला, पण वहिनींनी त्याला थांबू दिलं नाही.

"पाण्यात उतरताना घाबरला होता का?"

"नाही काकू. घाईत होता. मागे वळून म्हणाला, दोरी भिजू देऊ नकोस."

वहिनींनी डोळे पुसले. निहारची चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि होती असंही नाही. स्क्रीनवर तो खाली मान घालून बसला होता. हळदणकर सांगतात, त्यांना वाटलं, ती आता फोन ठेवेल आणि परत कधी उचलणार नाही.

"दाढी कर," वहिनी म्हणाल्या. "आणि पुढच्या रविवारी तू फोन कर. अजून पुष्कळ विचारायचं राहिलंय मला. तो तिथे राहायचा कसा, जेवायचा काय. ह्यांना काही माहीत नाही, मलाही अर्धंच माहीत आहे. तू तीन वर्षं त्याच्याबरोबर होतास."

निहारने मान हलवली. त्यांनी फोन ठेवला आणि कपडे वाळलेत का ते बघायला उठल्या.